तेल वाढतंय

दादाचा फोन आला की मी आधी बसायला जागा शोधते. उभ्या उभ्या ऐकण्यासारखं तो काही बोलतच नाही. त्या दिवशी मात्र दुकानात गिऱ्हाईक होतं. एका आजोबांच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवून मी काचा बदलत होते आणि दर काचेला "हे बरं दिसतंय, की हे?" असं विचारत होते. आजोबांना दोन्ही सारखंच दिसत होतं आणि मला घाई होती.

"बाबांकडून गाडीच्या किल्ल्या काढून घे," दादा म्हणाला. कशी आहेस नाही, वेळ आहे का नाही.

"का? काय झालं?"

"विसरायला लागलेत ते. मी स्पेअर पार्टवाल्याशी बोललो. आपल्या घरी इंजिन ऑइलचे डबे जातायत, एकामागून एक. एवढं तेल त्या गाडीला लागतच नाही. म्हणजे ते तेल बदलतात, विसरतात आणि पुन्हा बदलतात. आज तेल विसरले, उद्या ब्रेक विसरतील. तू जवळ आहेस, तू जा."

'तू जवळ आहेस' हे वाक्य दादाने घर सोडलं तेव्हापासून चालू आहे. जवळ म्हणजे बसने अर्धा दिवस. तो विमानाने येतो म्हणून तो लांब. मी काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवला आणि आजोबा म्हणाले, "आधीचीच काच बरी होती."

आईचे गुडघे गेलेत. पाण्यात उतरलं की तेवढा वेळ दुखत नाहीत, एरवी दुखतच असतात. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी बाबा तिला गाडीने पोहण्याच्या तलावावर नेतात, बाहेर बाकावर पेपर वाचत बसतात आणि ओल्या केसांच्या आईला घेऊन परत येतात. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून हेच त्यांचं काम. त्या किल्ल्या काढून घेतल्या तर बाबा घरात बसणार आणि आई तिच्या गुडघ्यांसकट त्यांच्या शेजारी बसणार. एवढं साधं गणित दादाच्या डोक्यात शिरत नाही, कारण त्याला सगळं फोनवरून दिसतं.

मला राग आला, आणि राग आला की मी फार पटकन ठरवते. मी ठरवलं की दादाला खोटं पाडायचं. बाबांचं तेल बदलायची वेळ झालीच होती. ते दर सहा महिन्यांनी बदलतात, स्वतः, गॅरेजमध्ये. आपण जायचं, त्यांच्या शेजारी उभं राहायचं, तेल कसं बदलतात ते बघायचं. नीट बदललं की दादाला सांगायचं, तोंड सांभाळ म्हणून. शनिवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून मी बसमध्ये बसले.

रविवारी सकाळी बाबा तेल मोजतात. गाडी सुरू करायच्या आधी, इंजिन थंड असताना, सपाट जमिनीवर. बॉनेट उघडायचं, डिपस्टिक म्हणजे ती तेल मोजायची लांब पट्टी बाहेर ओढायची, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढायची आणि दाराशी उजेडात नेऊन बघायची. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. एवढंच मला लहानपणापासून माहीत आहे, कारण ती पट्टी धरायला मिळावी म्हणून मी आणि दादा भांडायचो.

मी मागे जाऊन उभी राहिले. बाबांनी पट्टी उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि घाईघाईने पुसून टाकली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

पण बरोबर नव्हतं. चष्म्याचं दुकान आहे माझं, मला दिसतं. तेल वरच्या खुणेच्या चांगलंच वर होतं.

"बाबा, जास्त नाही का झालंय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले आणि बॉनेट धाडकन बंद केलं. बाबा गाडीचं काहीही आपटत नाहीत. आमच्या लहानपणी दार जोरात लावलं तर पुन्हा उघडून हळू लावायला लावायचे.

माझं लक्ष खाली गेलं. गाडीच्या पुढे फरशीवर तेलाचे थेंब पडलेले होते. आता मला सांगा, ज्या गाडीतून तेल गळतंय, तिच्यातलं तेल वर कसं चढेल? गॅरेजच्या फळीवर डबा पाहिला तर एकच, तोही अर्धा भरलेला. दादा तर म्हणत होता डब्यांची रांग लागलीय. दुकानातून तेल येतंय भरपूर, घरात दिसतंय थोडं, फरशीवर सांडतंय आणि इंजिनात वाढतंय. मी चहा पिता पिता हे चार वेळा जुळवून पाहिलं आणि चारही वेळा हिशोब चुकला. आई समोर बसून भाजी निवडत होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "मला काय गं कळतं त्या गाडीतलं?" या घरात गाडीबद्दल विचारलं की सगळ्यांना एकच उत्तर सुचतं.

सोमवारी मी नवीन तेल आणि फिल्टर आणायला निघाले. बाबा म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी आणते. खरं म्हणजे मला दुकानदाराला एकट्यात गाठायचं होतं.

त्या स्पेअर पार्टवाल्याला बाबा डॉक्टर म्हणतात, कारण तो काहीही द्यायच्या आधी गाडीला काय होतंय ते विचारतो. त्याच्या मागे छतापर्यंत डबे होते. निळे, लाल, सोनेरी, सगळ्यांवर एक गाडी भरधाव सुटलेली.

"इंजिन ऑइल द्या," मी म्हटलं.

"कुठलं?"

"गाडीचं."

"ते कळलं, ताई. पाच-तीस, दहा-चाळीस, की वीस-पन्नास?"

मी रोज लोकांना नंबर सांगते. उणे सव्वादोन, अधिक दीड, अक्ष नव्वद. गिऱ्हाईक बावरून माझ्याकडे बघतं आणि मला मनातून जरा मजा वाटते. ती सगळी मजा त्या काउंटरवर वसूल झाली.

डॉक्टरने समजावलं. पहिला आकडा इंजिन थंड असतानाचा, दुसरा तापल्यावरचा. आकडा लहान तर तेल पातळ, मोठा तर घट्ट. पातळ तेल सकाळी झटकन सगळीकडे पोचतं, घट्ट तेल उन्हातान्हात टिकून राहतं.

"मग पातळ चांगलं, की घट्ट?"

"ते गाडीवर आहे."

गाडीसोबत आलेल्या पुस्तकात पाच-तीस लिहिलं होतं, ते मी बघून आले होते. तसं म्हटल्यावर डॉक्टर म्हणाला, पुस्तक नव्या गाडीसाठी असतं, तुमचं इंजिन जुनं झालं, दहा-चाळीस घाला. तेवढ्यात शेजारी उभा असलेला टॅक्सीवाला मध्ये पडला. म्हणाला, जुन्या इंजिनाला वीस-पन्नासच, त्याशिवाय ते तेल पिणं सोडत नाही. मग निघालं सिंथेटिक, अर्धं सिंथेटिक आणि साधं. बदलायचं कधी, यावर तर सभाच भरली. पुस्तक म्हणतं दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष. टॅक्सीवाला वीस हजाराला बदलतो आणि त्याची गाडी बाहेर सुरूच होती, तिच्या धुराने आम्ही खोकत होतो. बाबा सहा महिन्यांनी बदलतात, गाडी किती चालली ते न बघता.

"साहेबांचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाला. "तलावापर्यंत जायचं आणि यायचं. इंजिन पुरतं तापतही नाही. असं थोडं थोडं चालवलं की तेल लवकर खराब होतं. आकड्यावर जाऊन चालत नाही."

मग त्याने दोन फिल्टर समोर ठेवले. दोन्ही पांढरे, दोन्ही डब्याच्या आकाराचे, दोघांच्या तोंडाला रबराचं कडं.

"यातला कुठला तुमचा?"

"हे बरं दिसतंय, की हे, असं विचारताय का?" मी म्हटलं. तो हसला नाही. दोघांचे आटे वेगळे होते म्हणे, चुकीचा बसवला तर सगळं तेल रस्त्यावर. मला दोन्ही अगदी सारखे दिसत होते, आणि त्या आजोबांची मी मनातल्या मनात माफी मागितली. मी पंचेचाळीसची आहे, डोकं शाबूत आहे, तरी अर्ध्या तासात माझा पार गोंधळ उडाला होता. तेलावरून माणसाचं डोकं तपासायचं असेल तर पहिल्या किल्ल्या माझ्या काढून घ्याव्या लागतील, हे दादाला सांगायचं मी ठरवून टाकलं.

शेवटी मी पुस्तकाचं ऐकलं. पाच-तीस घेतलं, फिल्टर डॉक्टरने गाडीचा नंबर विचारून दिला. निघताना मी मुद्द्याचं विचारलं.

"हो, जातंय खरं तेल तुमच्याकडे," तो म्हणाला. "आणि दर वेळी वेगळं. एकदा पाच-तीस, एकदा वीस-पन्नास, मध्ये एकदा मोटरसायकलचं. मी म्हटलं साहेब काहीतरी प्रयोग करत असतील. ताई, एक सांगू का? जास्त झालेलं तेल कमी तेलाइतकंच वाईट. आत घुसळून त्याचा फेस होतो."

"बाबा स्वतः येतात घ्यायला?"

"छे. बाईंचा फोन येतो, नेहमीसारखा. मी पाठवून देतो."

त्यात मला काही वावगं वाटलं नाही. बाबांना फोनवर ऐकू कमी येतं आणि ते त्यांना कबूल करायचं नसतं, म्हणून घरातले सगळे फोन आई करते. प्लंबरला, दवाखान्यात, दादाला. बाबा शेजारी उभे राहून तिला काय बोलायचं ते सांगत असतात. म्हणजे मोटरसायकलचं तेल बाबांनी मागवलं. आमच्या घरात मोटरसायकल नाही, कधी नव्हती. परतीच्या वाटेवर डबा हाताला जड लागत होता आणि माझ्या मनात दादा बरोबर ठरायला लागला होता. याचा मला भयंकर राग येत होता.

घरी आल्यावर जुनं तेल धरायला पसरट भांडं शोधत मी गॅरेजमधल्या रॅकच्या मागे हात घातला आणि हाताला बाटली लागली. मग दुसरी. सरबताच्या जुन्या बाटल्यांची एक अख्खी ओळ होती, सगळ्यांत तेल. वापरून संपलेलं तेल काळं असतं, हे मलाही माहीत आहे. हे कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. फार तर आठवडाभर वापरलेलं असेल, आणि ते बाहेर काढून, बूच लावून, लपवून ठेवलेलं होतं.

बाबा दारात उभे होते. मी कधी वळले ते आठवत नाही, पण त्यांच्या हातात एक लांब नळी आणि मोठी सिरिंज होती.

"दार लाव," ते म्हणाले. मी लावलं. ते स्टुलावर बसले.

"रविवारी मोजतो तेव्हा बरोबर असतं," ते म्हणाले. ते फरशीकडे बघून बोलत होते. "पुढच्या रविवारी वर गेलेलं असतं. तेल काही आपोआप वाढत नाही. दुसरं कोणी या गाडीला हात लावत नाही. म्हणजे मीच ओततो आणि मलाच आठवत नाही. मग मी पट्टीच्या भोकातून नळी घालून जास्तीचं ओढून घेतो. ओढताना थोडं सांडतं." मग म्हणाले, "पहिल्यांदा झालं तेव्हा मी हसलो होतो. आता रविवार आला की मला भीती वाटते."

"डॉक्टरांना दाखवलंत? खऱ्या डॉक्टरांना?"

"काय दाखवू? पट्टी?"

मी रडायला हवं होतं, पण मी चिडले. कुणावर ते मला कळेना. दादावर चिडावं तर तो बरोबर निघाला होता, बाबांवर चिडावं तर त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, आणा ती नळी इकडे. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून जास्तीचं तेल काढलं. मी बाटली धरली, बाबांनी सिरिंज ओढली. त्यांचा हात अगदी स्थिर होता. किती काढायचं, कुठे थांबायचं, पट्टी किती वेळाने पुन्हा बघायची, सगळं त्यांना ठाऊक होतं. हेच हात मोटरसायकलचं तेल ओतून विसरतात हे माझ्या बुद्धीला पटत नव्हतं, पण बाटल्या समोर होत्या. नळी बाहेर काढताना चार थेंब फरशीवर पडले.

"उद्या सगळंच बदलून टाकू, फिल्टरसकट," बाबा म्हणाले. "म्हणजे निदान एकदा तरी कोणीतरी बघितलेलं असेल. दादाला एवढ्यात काही सांगू नकोस."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तेल बदलायचं आणि मग किल्ल्या मागायच्या, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. कसं मागायचं ते मात्र सुचत नव्हतं.

मंगळवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले. तलावावर जायचं म्हणून आईची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, टॉवेल वर दिसत होता. मी गॅरेजमध्ये गेले, कारण मला तिथे पाच मिनिटं एकटीला बसून किल्ल्यांचं वाक्य जुळवायचं होतं.

बॉनेट उघडं होतं. आई एका हाताने गाडीला धरून, दुखरा गुडघा वर उचलून, एका पायावर उभी होती. तेल भरायच्या तोंडात स्वयंपाकघरातलं नरसाळं होतं आणि ती त्यातून तेल ओतत होती. डब्यावर मोटरसायकलचं चित्र होतं.

"आई!"

ती दचकली आणि थोडं तेल इंजिनावर सांडलं. "हळू बोल. ते ऐकतील."

"तू काय करतेयस?"

"दिसत नाही? गळतंय गं कालपासून पुन्हा. खाली बघ." तिने चार थेंबांकडे बोट दाखवलं. आमचेच थेंब, कालचे. "गळलेलं भरायला नको? ते विसरतात."

मी तिच्या हातातून डबा काढून घेतला. तिला स्टुलावर बसवलं आणि तिने सांगायला सुरुवात केली, अगदी हळू आवाजात, अधूनमधून न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज ऐकत.

तलावाकडे जाताना वाटेत एक चौक लागतो. उन्हाळ्यात एक दिवस त्या चौकात बाबांनी गाडी थांबवली आणि तिला विचारलं, कुठे वळायचं? तिला वाटलं चेष्टा करतायत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा तिला कळलं की ते खरंच विचारतायत. ती म्हणाली, डावीकडे. ते वळले. तेव्हापासून ती गाडीत सारखी बडबडते. आता डावीकडे फुलांचं दुकान येईल बघा, पुढे उजवीकडे ती शाळा. बाबा म्हणतात, किती बोलतेस गं हल्ली.

"मग मी बाकीचंही बघायला लागले," ती म्हणाली. "गॅसचं बटण, नळ, दाराची कडी. एका रविवारी त्यांनी तेलच बघितलं नाही. सर्दी झाली होती तेव्हा. मग मीच फोन करून मागवलं आणि घातलं थोडं. थोडं जास्त झालं तर काय बिघडतं? त्यानंतर खाली थेंब दिसायला लागले. म्हटलं गळतंय. मग थेंब दिसले की घालते."

"आणि कुठलं घालायचं ते कसं ठरवतेस?"

"दुकानदार आकडा विचारतो, मी सुचेल तो सांगते. रिकामे डबे भंगारवाल्याला देऊन टाकते. हा डबा बरा आहे, ओतताना सांडत नाही."

मी कपाळाला हात लावला. आई थेंब बघून तेल ओतत होती. बाबा वाढलेलं तेल बघून घाबरत होते आणि ओढून काढत होते. काढताना थेंब पडत होते. थेंब बघून आई पुन्हा ओतत होती. दोघं एकाच घरात राहतात, एका टेबलावर चहा पितात आणि गॅरेजमध्ये पाळी लावल्यासारखे येऊन जातात.

"त्यांना वाटतंय तेच ओततात आणि विसरतात," मी म्हटलं. "आई, तुझ्यामुळे त्यांना वाटतंय की त्यांचं डोकं चालत नाही."

आईने तोंडावर हात घेतला. तेलकट हात, गालाला तेल लागलं. "अगंबाई," ती म्हणाली. "मी त्यांना कळू नये म्हणूनच करत होते."

न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. आता मला ठरवायचं होतं आणि मला काहीच ठरवता येईना. बाबांना सांगितलं तर त्यांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरणार. सांगितलं नाही तर ते दर रविवारी स्वतःला घाबरत राहणार. पण सांगितलं तर तो चौकही बाहेर येणार. तेलात बाबा निर्दोष होते आणि चौकात नव्हते, आणि माझ्या समोर गाडी एकच होती.

बाबा ओल्या केसांनी दारात आले. किल्ल्या हातात होत्या. त्यांनी उघडं बॉनेट पाहिलं, नरसाळं पाहिलं, आईच्या गालावरचं तेल पाहिलं.

"काय चाललंय इथे?"

मी विचार करून बोलणाऱ्यांतली नाही. त्यांचा कालचा चेहरा डोळ्यांसमोर होता, तो मला अजून एक मिनिटही सहन होणार नव्हता.

"बाबा, तुम्ही नव्हतात! आई ओतत होती. तुमच्या हातून सांडलेले थेंब बघून तिला वाटायचं गळतंय, म्हणून ती ओतायची. मोटरसायकलचं तेलसुद्धा तिनेच मागवलं."

बाबा आईकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून सगळं सुटत गेलं, आणि ते हसायला लागले.

"म्हणजे मी नव्हतो?"

"नव्हतात."

"मी नव्हतो!" त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली. "अगं, वेडा व्हायची पाळी आली होती माझी! हे बघ, लाव, दादाला फोन लाव. मी बोलतो."

बाबा, आणि फोनवर स्वतः बोलणार! मी हसत हसत फोन काढला आणि दादाचा नंबर लावला. घंटी वाजत होती. बाबांनी बाही वर सरकवली, जणू बोलायला बाही आड येते, आणि सहज आईकडे वळून म्हणाले, "पण काय गं, तुला ओतायची गरज काय पडली? मी बघतोच की दर रविवारी."

आईने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी खोटं सांगू शकले असते. दुकानात दिवसातून दहा वेळा सांगते, ही फ्रेम तुम्हाला शोभून दिसते म्हणून. त्या क्षणी मला एकही खोटं सुचलं नाही.

"चौकात विचारलंत ना तुम्ही मला," आई म्हणाली. "कुठे वळायचं म्हणून."

"कुठल्या चौकात?"

"तलावाच्या."

"कधी?" बाबा म्हणाले.

ते खरंच विचारत होते. माझ्या हातातल्या फोनमधून दादा हॅलो, हॅलो म्हणत होता. मी फोन बंद केला.

"पहिल्यांदा उन्हाळ्यात," आई म्हणाली. "मग मध्ये दोनदा. आणि या शुक्रवारी."

बाबा बराच वेळ गाडीच्या काचेतून आतल्या सीटकडे बघत होते. शुक्रवार शोधत असावेत. मी दादाला खोटं पाडायला आले होते, त्याऐवजी बाबांना मिळालेला आनंद मीच त्यांच्या हातातून काढून घेतला होता, मिनिटभरात.

मग त्यांनी बनियनचा तुकडा घेतला आणि आईच्या गालावरचं तेल पुसलं. ते नीट निघेना, तर तुकड्याची कोरी बाजू शोधून पुन्हा पुसलं. बॉनेट हळू लावलं. किल्ल्या माझ्या हातात दिल्या, मी मागितल्याही नव्हत्या.

"अहो, आणि मग तलावावर?" आई म्हणाली. "आज मंगळवार आहे."

बाबांनी दाराशी ठेवलेली तिची पिशवी उचलून खांद्याला लावली.

"बसने जाऊ," ते म्हणाले. "कुठे उतरायचं ते तू सांग."